रंगमंचावरील दिवे आणि त्यांचे पत्ते



नाटकाची तिसरी घंटा झाली, की प्रेक्षागृहातील दिवे हळूहळू मंदावतात आणि पडद्याच्या कडेला उजेडाची रेघ दिसू लागते. त्या क्षणापूर्वी किती घाई झालेली असते, हे प्रेक्षकांच्या ध्यानात येण्याचे कारण नसते. दौऱ्यावर आलेल्या नाट्यसंस्थेची गाडी दुपारी नाट्यगृहाच्या मागील दाराशी लागते. नेपथ्य उतरते, उभे राहते. दिव्यांची तोंडे फिरवून प्रसंगाप्रसंगाचा उजेड ठरविला जातो. आणि हे सर्व अवघ्या काही तासांत उरकावयाचे असते. या वेळेत एखादा दिवा लागला नाही, तर पूर्वी त्याची कारणे ठरलेली असत. दिवा गेला असेल, फ्यूज उडाला असेल, नाहीतर वायर तुटली असेल. आज या कारणांत आणखी एकाची भर पडली आहे. दिवा धड, वायर धड, वीजही चालू. आणि तरीही दिवा हुकूम मानीत नाही, कारण त्याचा पत्ता हरवलेला असतो.

हा पत्ता म्हणजे काय, तो दिव्याला आपोआप कसा देता येतो आणि तो ऐन प्रयोगात हरवू नये यासाठी कोणती व्यवस्था हवी, हा या व्याख्यानाचा विषय आहे. विषय तंत्रज्ञांचा असला, तरी नगरपालिकेच्या नाट्यगृहाची वा शाळेच्या सभागृहाची निविदा मंजूर करणारे आणि पुढे वर्षानुवर्षे ती वास्तू सांभाळणारे हात तंत्रज्ञांचे नसतात. त्यांनी ठेकेदाराला कोणते प्रश्न विचारावेत, एवढे तरी ध्यानात यावे, अशी अपेक्षा आहे.

सन १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा रंगभूमीला विजेचा स्पर्शही झालेला नव्हता. जो काही उजेड होता, तो तेलावातीचा. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ मध्ये विजेचे दिवे आले आणि उजेड हाताच्या टप्प्यात आला. पुढे अनेक दशके दिव्यागणिक स्वतंत्र वायर डिमरपर्यंत नेण्याचा प्रघात होता. या वायरींच्या जंजाळातून सुटका झाली ती १९८६ मध्ये, अमेरिकेतील नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने डीएमएक्स ५१२ ही पद्धत ठरवून दिली तेव्हा. एकाच केबलवरून ५१२ निरनिराळे हुकूम पाठविता येऊ लागले. साध्या दिव्याला एक हुकूम पुरे, म्हणजे ५१२ ही संख्या कोणत्याही रंगमंचाला उदंडच होती. परंतु पुढे रंग बदलणारे, मान फिरविणारे दिवे आले. अशा एका दिव्याला पंचवीस हुकूम लागतात असे धरले, तर वीस दिव्यांतच केबल भरून जाते. तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांच्या सूक्ष्म दिव्यांची पट्टी असेल, तर १७० ठिपक्यांतच ती संपते.

यावर तोड निघाली ती संगणकांच्या जाळ्याची. कचेरीतील संगणक ज्या केबलने व ज्या स्विचने जोडले जातात, त्यांवरूनच दिव्यांचे हुकूम पाठविण्याच्या पद्धती तयार झाल्या. लंडनच्या आर्टिस्टिक लायसन्स या कंपनीने १९९८ मध्ये आर्ट-नेट आणले. २००९ मध्ये एसएसीएन या नावाने ओळखले जाणारे अमेरिकी मानक आले. आज नव्या नाट्यगृहात यांपैकी एक, बहुधा दोन्ही, आढळतात. आणि जाळे आले, म्हणजे पत्ता आलाच.

येथे एका घोटाळ्याचा आरंभीच उलगडा करावयास हवा. प्रकाशव्यवस्थेत ‘पत्ता’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक डीएमएक्सचा पत्ता, म्हणजे ५१२ हुकुमांपैकी दिव्याने कोठून पुढचे ऐकावयाचे तो क्रमांक. दुसरा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावर त्या यंत्राचे घर कोठे आहे ते सांगणारा आकडा, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.२१. आपोआप पत्ता देण्याची जी सोय आहे, ती या दुसऱ्या पत्त्यापुरती आहे. डीएमएक्सचा क्रमांक मात्र दिव्यावर किंवा कन्सोलवरून माणसानेच ठरवावा लागतो. ठेकेदाराने “सर्व काही आपोआप होईल” असे आश्वासन दिले, तर त्यातील निम्मी गोष्ट आपोआप होणारी नाही, हे ओळखून असावे.

शिवाय, प्रत्येक दिव्याला आयपी पत्ता लागतोच असे नाही. पुष्कळ नाट्यगृहांत जाळ्याची केबल ‘नोड’ नावाच्या पेटीपर्यंत येते आणि तेथून पुढे जुन्या डीएमएक्स केबलीच दिव्यांकडे जातात. अशा ठिकाणी कन्सोल, स्विच आणि चार-सहा नोड एवढ्यांनाच पत्ते हवेत. इतक्या थोड्या यंत्रांना हाताने कायमचे पत्ते घालून ते कागदावर लिहून ठेवणे हेच उत्तम. तेथे स्वयंचलित व्यवस्थेचा बडेजाव नको. यंत्रांची संख्या पन्नास-शंभराच्या घरात गेली, शिडीवर चढून प्रत्येक दिव्याच्या चिमुकल्या पडद्यावर आकडे घालणे अशक्यप्राय झाले, म्हणजे मग तिची खरी गरज भासते. शंभर दिव्यांना हाताने पत्ते घालताना दोन दिव्यांना एकच पत्ता जाणे ही सहज घडणारी चूक आहे. आणि अशी जोडी प्रयोगाच्या वेळी एकमेकांच्या पायात पाय घालते.

स्वयंचलित वाटपाच्या पद्धतीचे नाव डीएचसीपी. तिच्याआधी १९८५ मध्ये बूटपी ही पद्धत निघाली होती; तीत प्रत्येक यंत्राची नोंद कोणीतरी आधी करून ठेवावी लागे आणि दिलेला पत्ता परत घेण्याची तरतूद नव्हती. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी संपादित केलेले डीएचसीपीचे पहिले मानक ऑक्टोबर १९९३ मध्ये आणि आज आधारभूत मानले जाणारे मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. कचेरीतला संगणक, घरातील वायफाय आणि खिशातला मोबाइल यांना पत्ता मिळतो तो याच पद्धतीने.

तिचे काम चार पावलांत होते. नुकताच चालू झालेला दिवा सर्व जाळ्याला उद्देशून हाक देतो: येथे पत्ता देणारे कोणी आहे काय? सर्व्हर उत्तर देतो: हा पत्ता मोकळा आहे. दिवा म्हणतो: तर मग तोच मला हवा. सर्व्हर नोंद करून मान्यता देतो. हे सारे सेकंदाच्या काही अंशांत घडते. मात्र पत्ता कायमचा दिला जात नाही. तो ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिला जातो. आणि नाट्यगृहाच्या दृष्टीने सर्व मर्म या भाडेपट्ट्यातच आहे.

प्रचलित नियमाप्रमाणे पट्ट्याची निम्मी मुदत संपली, की यंत्र आपल्या सर्व्हरकडे नूतनीकरण मागते. उत्तर आले नाही, तर मुदतीचा सात-अष्टमांश भाग संपताच ते पुन्हा सर्व जाळ्याला हाक घालते. तरीही कोणी ओ दिली नाही आणि मुदत भरली, तर पत्ता सोडून देणे त्याला बंधनकारक असते. आता कोणी एका तासाचा पट्टा ठेवला आहे, असे समजा. कचेरीत तो चालून जातो. नाट्यगृहात पहिल्या अंकात सर्व्हर बंद पडला, तर तोवर सर्व दिवे व्यवस्थित चाललेले असतात. कोणाला काही कळतही नाही. पण कोणत्याही दिव्याच्या पट्ट्याची उरलेली मुदत तेव्हा अर्ध्या तासाहून फारशी कमी नाही आणि एका तासाहून अधिक नाही, अशी असते. म्हणजे दुसरा अंक रंगात असताना एकेक दिवा, स्वतःच्या वेळेला, पत्ता टाकून देऊ लागतो. सर्व एकदम गेले असते तर निदान कारण शोधता आले असते. हे एकेक जाणे फार वाईट. त्या वेळी कन्सोलवर बसलेला प्रकाशयोजनाकार स्वतःच्याच हातांवर संशय घेऊ लागतो.

म्हणून कायम बसविलेल्या दिव्यांसाठी पट्टा मोठ्या मुदतीचा असावा. सात दिवसांचा पट्टा ठेवला, तर सर्व्हर बंद पडला तरी चालू असलेल्या यंत्रांना निदान तीन दिवसांची सवड राहते, आणि मराठी नाटकाचा प्रयोग कितीही लांबला तरी तेवढा लांबत नाही. ही मुदत बदलण्यास एक पैसाही लागत नाही. कारखान्यातून आलेला आकडा तसाच राहिलेला असतो, एवढेच त्याचे कारण.

आता कोणता दिवा कोठे, याचा प्रश्न. नुसत्या स्वयंचलित वाटपात आज २१ क्रमांकाचा पत्ता डावीकडच्या विंगेतील दिव्याला मिळेल, तर उद्या उजवीकडच्या. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत घरांचे क्रमांक रोज सकाळी नव्याने वाटले, तर वसुली कोणाकडून करावयाची? यासाठी राखीव पत्त्यांची सोय असते. प्रत्येक यंत्रावर कारखान्यातच घातलेला बारा अक्षरी मॅक क्रमांक असतो. तो यंत्राच्या पाठीवर छापलेला आढळतो. हा क्रमांक सर्व्हरच्या यादीत लिहून त्यापुढे पत्ता नेमून दिला, की तो दिवा कितीदाही चालू-बंद केला तरी त्याला तोच पत्ता मिळतो. देणारा सर्व्हर एकच, नोंद एकाच ठिकाणी, आणि शिडीवर चढण्याची गरज नाही. हाताने घातलेल्या पत्त्याची स्थिरता आणि स्वयंचलित वाटपाची सोय यांचा हा मेळ नाट्यगृहाला सर्वांत मानवणारा आहे.

नमुन्यादाखल एक आखणी पाहण्यासारखी आहे. १९२.१६८.५० या मालिकेतील १ ते १९ हे पत्ते सर्व्हर, स्विच आणि नाट्यगृहाचा कन्सोल यांना हाताने घालावेत. २० ते १८९ दिवे व नोड यांच्यासाठी राखीव ठेवावेत. २०० ते २३९ हा खुला साठा पाहुण्यांसाठी, म्हणजे दौऱ्यावरील संस्थेच्या लॅपटॉपसाठी व कन्सोलसाठी ठेवावा. त्याचा पट्टा चोवीस तासांचा पुरे. हाताने घातलेला पत्ता खुल्या साठ्यात कधीही येता कामा नये. नाट्यगृहाच्या कन्सोलला कोणी हौसेने २१० हा पत्ता घालून ठेवला आणि दुपारी तो बंद असताना सर्व्हरने तोच पाहुण्या लॅपटॉपला दिला, तर संध्याकाळी दोघेही एकाच घराचे मालक म्हणून उभे राहतात. आणि एखादा दिवा बदलला, म्हणजे त्याचा मॅक क्रमांकही बदलतो. जुनी नोंद काढून नवी घालावयाची, हे दिवा बदलणाऱ्याच्या कामातच धरावे.

परंतु आखणी कितीही चांगली असली, तरी ती एका क्षुल्लक वस्तूने मोडते. ती वस्तू म्हणजे बाजारातून आणलेला घरगुती वायफाय राउटर. रंगमंचावर उभे राहून हातातील टॅबलेटवरून दिवे लावून पाहता यावेत, म्हणून कोणी तंत्रज्ञ सद्हेतूनेच तो आणतो आणि प्रकाशजालाच्या स्विचला जोडतो. आता अशा राउटरच्या पोटात पत्ते देणारा दुसरा सर्व्हर कारखान्यातूनच चालू होऊन आलेला असतो. जाळ्यावर दोन सर्व्हर झाले. दिव्याने हाक दिली, की ज्याचे उत्तर आधी येईल, बहुधा त्याचा पत्ता तो घेतो. घरगुती राउटरचे पत्ते १९२.१६८.१ अशा दुसऱ्याच मालिकेतील. ज्या दिव्याला असा पत्ता मिळाला, तो ५० च्या मालिकेतील कन्सोलच्या दृष्टीने गावाबाहेर गेला.

ही चूक लगेच दिसत नाही, यातच तिचा घातकपणा आहे. राउटर जोडला त्या वेळी सर्व दिवे चालूच असतात आणि त्यांचे पट्टे शाबूत असतात. मग जेवणाच्या सुट्टीत मुख्य स्विच बंद केला जातो. सुट्टी संपते, वीज येते, सर्व दिवे एकदम हाक देतात; निम्म्यांना एका सर्व्हरचा पत्ता मिळतो, निम्म्यांना दुसऱ्याचा. सकाळी चाललेली व्यवस्था दुपारी अर्धीच चालते, आणि मधल्या वेळात कोणी काही बदललेले नसते. अशा वेळी दिवे खोलून पाहण्यात तास जातो. खरी तपासणी दोन मिनिटांची आहे: न लागणाऱ्या दिव्याचा पत्ता त्याच्या पडद्यावर वाचावा. मालिका परकी दिसली, की दुसरा सर्व्हर शोधावा. चांगल्या प्रतीच्या स्विचमध्ये ठराविक जागेखेरीज इतर कोठूनही पत्ता देऊ न देण्याची तरतूद असते, आणि निविदेत तिचा उल्लेख असावा. ज्यांना वायफाय हवे आहे, त्यांनी राउटरमधील पत्तेवाटप बंद करूनच तो जोडावा.

न लागणाऱ्या दिव्याच्या पडद्यावर कधी कधी १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता दिसतो. त्याचा अर्थ निराळा आहे. दिव्याने हाका मारल्या, कोणी उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला. सर्व्हर बंद आहे काय, हे प्रथम पाहावे. तो चालू असेल, तर दोष बहुधा स्विचकडे असतो. केबली चुकून वर्तुळात जोडल्या गेल्या तर संदेश गरगरत राहू नयेत, यासाठी पुष्कळ स्विच नव्याने चालू झालेली जागा लगेच खुली करीत नाहीत. जुन्या मानकाप्रमाणे पंधरा सेकंद ऐकण्यात आणि पंधरा सेकंद शिकण्यात घालवितात. या अर्ध्या मिनिटात दिव्याच्या हाका बंद दारावर आपटतात आणि कमी धीराचे यंत्र प्रयत्न सोडून देते. ज्या जागांना केवळ दिवेच जोडलेले आहेत, त्यांना ही प्रतीक्षा लागू नये अशी योजना स्विचमध्ये करता येते. त्याचप्रमाणे वीज देण्याचा क्रमही ठरलेला असावा: आधी स्विच, मग सर्व्हर, मग दिवे. स्विच व सर्व्हर यांना यूपीएस जोडला, तर या क्रमाचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो.

सर्व्हर म्हणजे तरी काय? त्यासाठी मोठा संगणक लागत नाही. एखाद्या चांगल्या स्विचमध्ये किंवा छोट्या राउटरमध्येही ते काम भागते. तो प्रकाशयोजनाकाराच्या लॅपटॉपमध्ये मात्र नसावा. लॅपटॉप प्रयोग संपल्यावर मालकाबरोबर घरी जातो.

आर्ट-नेटच्या बाबतीत एक जुनी खोड ठाऊक असावी. या पद्धतीची पुष्कळ यंत्रे कारखान्यातून येतानाच २ या अंकाने सुरू होणारा पत्ता घेऊन येतात. तो त्यांच्या मॅक क्रमांकावरून बनविलेला असतो. त्यामुळे लहान जाळे सर्व्हरशिवायही चालते, ही ती सोय. पण खासगी जाळ्यांसाठी १९९६ मध्ये जे पत्ते राखून ठेवण्यात आले, ते १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या मालिकांचे. २ ची मालिका त्यांत नाही आणि ती इंटरनेटवर खऱ्या वापरात आहे. म्हणून असे प्रकाशजाल इंटरनेटला जोडू नये, आणि तसे पाहता कोणतेच प्रकाशजाल जोडण्याचे विशेष कारण नसते. पाहुण्या संस्थेचा कन्सोल २ ची मालिका घेऊन आला, तर ५० च्या मालिकेतील दिवे त्याला दिसणार नाहीत. अशा वेळी कन्सोलची पत्तेयोजना ‘स्वयंचलित’ वर आणण्यास सांगावे. तसे सांगणारा फलक कन्सोलच्या जागेपाशीच लावणे शहाणपणाचे.

पत्ता बदलल्याचा परिणाम दोन्ही पद्धतींत सारखा होत नाही. एसएसीएनचे हुकूम बहुधा गटाला उद्देशून पाठविले जातात. ज्याला हवे तो ऐकतो, त्यामुळे दिव्याचा स्वतःचा पत्ता बदलला तरी हुकूम पोचतात. आर्ट-नेटमध्ये कन्सोल दर अडीच ते तीन सेकंदांनी कोण कोण हजर आहे अशी विचारणा करतो आणि उत्तर देणाऱ्याच्या पत्त्यावर हुकूम धाडतो. जेथे ही यादी हाताने भरलेली आहे, तेथे पत्ता बदलला की दिवा सुटलाच. राखीव पत्त्यांचा आग्रह धरावयाचा तो विशेषतः अशा ठिकाणी.

हुकूम येणे थांबले तर दिव्याने काय करावे, हेही पुष्कळ यंत्रांत आधीच ठरविता येते: विझून जावे, की शेवटचा उजेड तसाच धरून ठेवावा. नट पायऱ्या उतरत असताना एकदम अंधार होणे ही केवळ रसभंगाची बाब नव्हे, अपघाताची आहे. रंगमंचावरील दिव्यांना शेवटचा उजेड धरून ठेवण्याची आज्ञा असावी. आणि बाहेर पडण्याच्या मार्गावरील दिवे, जिन्यांतील दिवे व आपत्कालीन दिवे या जाळ्याच्या भरवशावर मुळीच ठेवू नयेत. त्यांची वीज व त्यांचा स्विच स्वतंत्र हवा. या बाबतीत काटकसरीचा कोणताही प्रस्ताव मान्य करण्याजोगा नाही.

राहता राहिली नोंदवही. दिव्याची जागा, डीएमएक्स क्रमांक, मॅक क्रमांक, आयपी पत्ता आणि शेवटचा बदल कोणी व केव्हा केला, एवढे पाच रकाने पुरेत. तिची एक प्रत कन्सोलपाशी आणि एक व्यवस्थापकाच्या कपाटात असावी. काम करणारा ठेकेदार बदलतो, तंत्रज्ञाची बदली होते. सर्व्हरचा परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला, तर नाट्यगृह आपल्याच दिव्यांना परके होते. म्हणून अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी ही नोंदवही, सर्व्हरच्या मांडणीची जतन केलेली प्रत आणि परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात ताब्यात घ्यावा.

ताबा घेण्याच्या दिवशी एक चाचणी ठेकेदारासमक्ष अवश्य करावी. सर्व दिवे चालू करावेत, सर्व्हरची केबल काढून ठेवावी आणि तीन तास, म्हणजे एका पूर्ण नाटकाचा वेळ, दिवे कन्सोलवरून चालवीत राहावे. त्यानंतर केबल परत जोडून मुख्य स्विच बंद करावा, पाच मिनिटांनी ठरलेल्या क्रमाने चालू करावा, आणि नोंदवही हातात घेऊन प्रत्येक दिव्याचा पत्ता ताडून पाहावा.